तळ्यातले ते ‘काळे बदक’ नेमके कोण? सोलापूरच्या पाणथळ जागांवरचे पक्षी, वनस्पती आणि बुरशी ओळखायची कशी?

*५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. या निमित्ताने संभाजी तलाव, हिप्परगा आणि उजनीच्या काठावर जे दिसते ते ओळखायचे कसे, मोबाइलवरच्या ॲपवर किती विसंबायचे आणि एका साध्या नोंदीने काय फरक पडतो, हे समजून घेऊ.*

विजापूर रस्त्यावरच्या संभाजी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या कोणालाही विचारा, ‘पाण्यात ते काय पोहतेय?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘बदक.’ काळे असेल तर ‘काळे बदक’, पांढरे असेल तर ‘बगळा’ आणि काठावर तुरूतुरू चालत असेल तर ‘टिटवी’. तीन शब्दांत अख्खा तलाव संपतो.

प्रत्यक्षात त्या काळ्या बदकाला मराठीत स्वतःचे नाव आहे. ते नाव आहे ‘वारकरी’. अंग काळे आणि कपाळावर पांढरा टिळा, त्यावरूनच हे नाव पडले असावे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात हा वारकरी अनोळखी राहावा, ही गंमतच म्हणायची. शिवाय तो बदकांच्या कुळातलाही नाही. त्याचे नाते पाणकोंबडीशी आहे.

पक्षी सप्ताहाची सुरुवात ५ नोव्हेंबरला होते, कारण तो अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्ली यांचा जन्म १९३२ चा, सोलापूरचा. याच शहरात १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. ‘पक्षीकोश’ लिहून त्यांनी पक्ष्यांची मराठी नावे एका जागी आणली. त्यांच्या गावात तरी तळ्यावरच्या पाखरांना नावाने हाक मारता यावी, एवढ्यासाठी हा लेख.

सोलापुरात पाणथळ जागा आहेत कुठे?

पाणथळ म्हणजे जिथे जमीन आणि पाणी यांची सरमिसळ होते अशी उथळ, ओलसर जागा. सोलापूर अवर्षणप्रवण जिल्हा असल्याने इथे असे काही नसेल, असे वाटते. पण दुष्काळी भागातच माणसाने तलाव बांधले आणि पक्ष्यांनी ते आपलेसे केले.

- सिद्धेश्वर तलाव: शहराच्या मध्यभागी, भुईकोट किल्ल्याला लागून. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी त्याची परंपरा जोडलेली आहे.
- संभाजी तलाव: जुने नाव कंबर तलाव. चारही बाजूंनी शहर वाढलेले.
- हिप्परगा तलाव: तुळजापूर रस्त्यावर, अदिला नदी अडवून १८७१ मध्ये बांधलेला. कागदोपत्री नाव एकरुख.
- उजनी जलाशय: भीमेवरचे १९८० मध्ये पूर्ण झालेले धरण. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की गाळाची उथळ मैदाने उघडी पडतात आणि रोहित पक्षी तिथेच चरतात.

या यादीत एक समान धागा आहे. यातली एकही जागा पूर्णपणे नैसर्गिक नाही. पुढचा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

नाव कळून असा काय फरक पडतो?

पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्या नियमांतल्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे, तसेच सिंचन, मत्स्यपालन, मीठ आणि करमणुकीसाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. म्हणजे सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे जवळजवळ प्रत्येक तलाव कोणत्या तरी कामासाठी बांधलेला आहे, तिथे ‘हा तर सिंचनाचा तलाव’ एवढे म्हणून विषय संपू शकतो.

आंतरराष्ट्रीय रामसर करारात मात्र मानवनिर्मित जागाही धरल्या जातात. त्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाले आणि तेच महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. त्यानंतर लोणार आणि ठाणे खाडीचा क्रमांक लागला.

रामसरचे निकष काय मागतात? एखाद्या जागी नियमितपणे २० हजार किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येतात का? एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तिथे असतात का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यायला जातीचे नाव, संख्या आणि तारीख लागते. ‘खूप बदके होती’ या वाक्याला कागदावर काहीच किंमत नाही. ‘अमुक तारखेला, अमुक ठिकाणी ३२० वारकरी’ असे लिहिले की तो पुरावा होतो.

उद्या एखाद्या तलावात भराव पडला, सांडपाणी सोडले गेले, तर ‘इथे आधी काय होते’ हा पहिला प्रश्न येतो. त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असावे लागते.

पक्षी ओळखताना आधी काय पाहायचे?

नवखा माणूस आधी रंग पाहतो. पण उन्हात, धुक्यात आणि पाण्याच्या चकाकीत रंग फसवतो. त्याऐवजी हा क्रम ठेवा:

१. आकार: चिमणी, साळुंकी, कावळा की घार, यापैकी कोणाएवढा?
२. चोच: चपटी, भाल्यासारखी, टोकाला वाकडी की चमच्यासारखी?
३. पाय: लांबी आणि रंग. पाणपक्ष्यांत अर्धी ओळख पायांवरून पटते.
४. वागणे: बुडी मारतो, गाळात चोच खुपसतो, की पुतळ्यासारखा उभा राहतो?
५. जागा: खोल पाणी, उथळ कड, पाणकणीस की उघडा काठ?

या पाच प्रश्नांनंतर रंग. आता नेहमी गल्लत होणाऱ्या जोड्या पाहू.

वारकरी की पाणकोंबडी? दोन्ही काळपट. वारकऱ्याची चोच आणि कपाळ पांढरे. पाणकोंबडीचे कपाळ लाल आणि चोचीचे टोक पिवळे. अंगावर निळा-जांभळा रंग, चोच जाड आणि लाल असेल तर ती जांभळी पाणकोंबडी.

पाणकावळा की तिरंदाज? दोघेही काळे, दोघेही पंख पसरून उन्हात वाळवत बसतात. पाणकावळ्याच्या चोचीचे टोक खाली वाकलेले असते. तिरंदाजाची चोच सरळ, खंजिरासारखी, आणि मान सापासारखी लांब. पोहताना त्याची फक्त मानच पाण्याबाहेर दिसते.

टिबुकली की बदकाचे पिल्लू? मुठीएवढा, शेपूट नसल्यासारखा दिसणारा पक्षी पाहता पाहता बुडी मारून दुसरीकडेच वर आला, तर ती टिबुकली. ती पूर्ण वाढलेलीच असते, पिल्लू नव्हे.

हळदी-कुंकू बदक: चोच काळी, टोकाला पिवळी आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. नाव एकदा ऐकले की ओळख विसरत नाही.

कोणता बगळा? काळी चोच, काळे पाय आणि पिवळे पंजे असतील तर छोटा बगळा. पिवळी चोच आणि गुरांच्या मागे फिरत असेल तर गायबगळा. मातकट रंगाचा, काठावर मान आखडून बसलेला असेल तर ढोकरी, म्हणजेच वंचक.

या शेवटच्या पक्ष्याने मलाही फसवले आहे. पहिल्यांदा यादी केली तेव्हा काठावर बसलेली एक ढोकरी लिहिली आणि उडालेला एक पांढरा बगळा लिहिला. नंतर कळले की बसल्यावर मातकट दिसणाऱ्या ढोकरीचे पंख उडताना पांढरे शुभ्र दिसतात. एकच पक्षी मी दोन नावांनी मोजला होता. अशी चूक शंभर जणांनी केली तर तलावावरचे निम्मे बगळे कागदावरच जन्माला येतील.

शेकाट्या की टिटवी? लांबलचक गुलाबी पाय, काळे पंख आणि सुईसारखी चोच असेल तर शेकाट्या. पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल कातडी आणि माणूस दिसताच आरडाओरड करत असेल तर टिटवी. एक जास्तीची सूचना. सांडपाणी मिसळलेल्या उथळ पाण्यातही शेकाटे मजेत चरतात. त्यामुळे ‘पक्षी भरपूर, म्हणजे पाणी स्वच्छ’ असा निष्कर्ष काढू नका. पक्षी कोणते आहेत, ते पाहा.

नोव्हेंबरपासून पाहुणेही दिसू लागतात. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचे तलवार बदक, भगव्या अंगाचा चक्रवाक. उजनीच्या पाणलोटावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस येतात. मध्य आशियातून येताना ते हिमालय ओलांडतात.

पाण्यातला साप विषारी असतो का?

तलावात सर्वाधिक दिसणारा साप म्हणजे दिवड, याला काही ठिकाणी विरोळा म्हणतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी ठिपके आणि डोळ्याखालून मागे जाणाऱ्या तिरप्या काळ्या रेघा. तो बिनविषारी आहे. डिवचला तर चावतो, पण त्याचे मुख्य काम मासे आणि बेडूक खाणे. केवळ ओळख नसल्याने तो काठीखाली मरतो.

मात्र ओळख पटवण्यासाठी जवळ जाऊ नका. काठावरच्या गवतात घोणसही असू शकते. लांबून फोटो घ्या, वाट सोडा. साप घरात किंवा वस्तीत आला तर वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवा. दंश झाला तर साप ओळखत बसण्यापेक्षा रुग्णालय गाठणे महत्त्वाचे.

कीटकांत सुरुवात चतुरापासून करा. बसल्यावर पंख आडवे पसरलेले असतील तर चतुर. अंग काडीसारखे बारीक आणि पंख पाठीवर मिटलेले असतील तर बहुधा टाचणी. दोघांचेही बालपण पाण्यात जाते, म्हणून कोणत्या जाती दिसतात यावरून पाण्याच्या स्थितीचा अंदाज घेता येतो.

हिरवे दिसते ते सगळे चांगले का?

नाही. वनस्पती ओळखण्याचे महत्त्व इथेच कळते.

जलपर्णी: फुगलेले, स्पंजासारखे देठ आणि जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. मूळची दक्षिण अमेरिकेतली. पोषक स्थितीत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट पसरू शकते. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खत. तिची चादर पसरली की खाली उजेड पोहोचत नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. यंत्राने काढली तरी सांडपाणी थांबले नाही तर ती परत येते.

कमळ की कुमुद? कमळाचे पान अखंड गोल असते, पाण्याच्या वर उचललेले असते आणि त्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते.

पाणकणीस: काठावरचे उंच पातीचे गवत, वर तपकिरी मखमली कणीस. पाणकोंबड्यांचा आडोसा. ‘स्वच्छता’ म्हणून ते सरसकट कापले की घरटी उघडी पडतात.

बेशरम: फिकट गुलाबी, भोंग्यासारखी फुले. जनावरे खात नाहीत, फांदी मोडून टाकली तरी रुजते. हीसुद्धा अमेरिका खंडातून आलेली.

तलावाचे पाणी हिरव्या रंगाच्या डब्यासारखे दिसत असेल, वर तवंग असेल, तर तो निळ्या-हिरव्या शेवाळाचा प्रकार असू शकतो. नावात शेवाळ असले तरी ते जिवाणू आहेत आणि त्यांतले काही विष तयार करतात. अशा पाण्यात जनावरे पाजू नका, हात घालू नका.

बुरशी तळ्याकाठी कुठे शोधायची?

बुरशी म्हणजे वनस्पती नव्हे, तिचे राज्यच वेगळे. तळ्याकाठी तिच्या तीन जागा ठरलेल्या. जुन्या झाडांच्या बुंध्यावर फळीसारखी वाढणारी टणक बुरशी, शेणावर उगवून काही तासांत शाईसारखी विरघळणारी नाजूक छत्री आणि पावसाळ्यात हिरवळीवर येणाऱ्या अळिंबी, ज्यांना आपण सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो.

चौथी बुरशी तर स्वयंपाकघरातच आहे. काळ्या मसाल्यातले दगडफूल हे फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. त्याचे भाऊबंद झाडांच्या सालीवर करड्या चट्ट्यांसारखे दिसतात.

अळिंबीचा फोटो फक्त वरून काढला तर तज्ज्ञही नाव सांगू शकत नाहीत. वरून, खालून म्हणजे पडद्यांच्या बाजूने, आणि देठाच्या तळाचा, असे तीन फोटो हवेत. बीजाणूंचा रंग पाहायचा असेल तर टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवून वाटीने रात्रभर झाकावी. सकाळी कागदावर रंगीत ठसा मिळतो. हिरवळीवर येणारी एक मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची अळिंबी खाण्याच्या जातीसारखी दिसते, पण तिचा ठसा हिरवट येतो आणि ती विषारी असते.

एकच नियम: फोटो पाहून किंवा ॲपने सांगितले म्हणून कोणतीही रानातली अळिंबी खाऊ नका. काही जातींचे विष शिजवून जात नाही आणि त्रास सहा तासांहून उशिरा सुरू होतो.

मोबाइलवरचे ॲप किती खरे सांगते?

तीन साधने सर्वाधिक वापरली जातात आणि तिन्ही मोफत आहेत. ‘मर्लिन’ फोटो आणि आवाजावरून पक्षी सुचवते. ‘ई-बर्ड’ पक्ष्यांच्या याद्या साठवते. ही दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेची. ‘आयनॅचरलिस्ट’ पक्षी, झाडे, कीटक, बुरशी असे सगळे घेते. २००८ मध्ये ते बर्कली इथल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाले.

इंजिनिअरिंगला शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. यंत्र उत्तर देत नाही, शक्यता देते. आधी शिकवलेल्या हजारो फोटोंशी तुमचा फोटो किती जुळतो, एवढेच ते मोजते. ज्या जातींचे फोटो भरपूर, तिथे ते नेमके असते. बुरशी, गवते, कोळी, लहान कीटक यांत ते अडखळते. गाड्यांच्या आवाजात मर्लिनही चुकते.

म्हणून ॲपने सुचवलेले पहिले नाव लगेच दाबू नका. आधी तीन गोष्टी तपासा. ही जात या भागात आढळते का? या महिन्यात आढळते का? वर्णनातल्या किमान दोन खुणा माझ्या फोटोत दिसतात का? उत्तर ‘नाही’ असेल तर एक पायरी मागे या. ‘शेकाट्या’ खात्रीने सांगता येत नसेल तर ‘काठावरचा पक्षी’ लिहा. अर्धवट पण खरी ओळख चालते. पूर्ण पण चुकीची ओळख पुढच्या प्रत्येक हिशेबात शिरते.

आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख आणि जागा असेल आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाले, तरच नोंद संशोधनयोग्य ठरते. कोणी तुमची ओळख दुरुस्त केली तर तो अपमान नाही, ती पद्धतच आहे.

नोंद कशी करायची?

- सकाळी सूर्योदयानंतरचे दोन तास घ्या. सूर्य पाठीशी ठेवा.
- एकच जागा निवडा आणि महिन्यातून किमान एकदा तिथेच जा. दहा तलाव एकदा पाहण्यापेक्षा एक तलाव दहा वेळा पाहिलेला बरा.
- किती मिनिटे पाहिले, किती चाललात ते लिहा. दिसलेले सगळे पक्षी लिहा, फक्त देखणे नव्हे. कावळे आणि पारवेही.
- ओळखले नाही ते ‘अनोळखी’ म्हणून खुणांसह लिहा.
- एकही पक्षी दिसला नाही तरी तसे लिहा. शून्य हीसुद्धा माहिती आहे.
- घरट्याजवळ जाऊ नका, पक्षी उडवून फोटो काढू नका, घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.
- मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पशुसंवर्धन किंवा वनविभागाला कळवा.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून सुरू आहे आणि स्वयंसेवकांच्या बळावरच चालते. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. नोव्हेंबरात सुरुवात केली तर जानेवारीपर्यंत तीस-चाळीस पक्षी सहज ओळखता येतात.

आणि मराठी नावाचे काय?

नोंद शास्त्रीय नावाने झाली तरी ओळख आपल्या भाषेतल्या नावाने टिकते. उजनीत जाळे टाकणारे मासेमार परदेशातून आलेल्या तिलापियाला ‘चिलापी’ म्हणतात आणि लांबूनच ओळखतात. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे शब्द मराठीत आले ते चितमपल्लींमुळे. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून ऐकून, विचारून, लिहून त्यांनी हे भांडार जमवले. २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पक्षी सप्ताह त्यांच्याच जन्मदिवसापासून सुरू होतो. या आठवड्यात एका सकाळी वही घेऊन जवळच्या तलावावर जा. वर तारीख, जागा आणि वेळ लिहा. खाली पहिली ओळ लिहिण्याआधी त्या काळ्या ‘बदका’चे कपाळ नीट पाहा. टिळा पांढरा असेल तर लिहा, ‘वारकरी’. आणि पुढे संख्या लिहायला विसरू नका.